यान, टॅन, टेदरा : यॉर्कशायरच्या खोऱ्यांत बाजारच्या वारांनी आखलेले पाच दिवस

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पूर्वी लहानपण कसं जायचं ते समजून घ्यायचं असेल, तर आधी वार बघावा आणि मग तारीख. तिथलं ‘मार्केट टाउन’ म्हणजे राजाच्या सनदेनं बाजार भरवायचा हक्क मिळालेलं गाव. सनदा शेकडो वर्षं जुन्या, पण बाजाराचे वार अजून पाळले जातात, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं त्याच दिवशी गावात येतात. एरवी गेलं तर दगडी घरं आणि पर्यटकच दिसतात. यॉर्कशायर डेल्समधला हा दौरा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केला. सोमवारी स्किप्टन, मंगळवारी हॉज, मग डेंट, रिबलहेड आणि शेवटी बर्न्सल. ‘डेल’ म्हणजे खोरं. प्रत्येक खोऱ्याची नदी वेगळी आणि बोलीही थोडी वेगळी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ‘तुमचं लहानपण कसं होतं?’ असं विचारलं की ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. एखादी वस्तू दाखवून ‘हे कसं वापरायचे?’ असं विचारलं की माणसं तासभर बोलतात.

सोमवार : स्किप्टन

स्किप्टन म्हणजे मुळात ‘मेंढ्यांचं गाव’. ‘शीप’चा उच्चार बदलत तो ‘स्किप’ झाला. बाजाराची सनद 1204 सालची, जॉन राजाची. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे चार दिवस किल्ल्यापासून उतरत येणाऱ्या हाय स्ट्रीटच्या दोन्ही कडांना, फरसबंदीवर दुकानं लागतात. एके काळी गुरंही याच रस्त्यावर विकली जात. सकाळी साडेनऊच्या आत पोचावं. दुपारी तीननंतर विक्रेते आवराआवर करू लागतात.

मिठाईच्या दुकानात काचेच्या बरण्यांची रांग होती. पुढे उभ्या असलेल्या आजोबांनी ‘क्वार्टर’ पुदिन्याचे हंबग, म्हणजे कडक गोळ्या, मागितले. क्वार्टर म्हणजे पाव पौंड, 4 औंस, साधारण 113 ग्रॅम. सुटा माल ग्रॅममध्येच विकायचा असा नियम 2000 सालापासून आहे, पण तोंडात क्वार्टरच बसलं आहे. ‘रेशनिंगमध्ये गोळ्या किती मिळायच्या?’ एवढं विचारल्यावर आजोबा बाहेरच्या बाकावर बसले ते बराच वेळ. गोळ्याचॉकलेटं 1942 च्या जुलैत रेशनवर आली. बहुतेक काळ माणशी आठवड्याला 3 औंस, म्हणजे जेमतेम 85 ग्रॅम मिळत. म्हणून मुलं हिशेबानं निवडायची: चॉकलेट लवकर संपतं, हंबग किंवा बडीशेपेच्या कडक गोळ्या चघळायला पुरतात, शिवाय वजनात जास्त नग बसतात. 5 फेब्रुवारी 1953 ला गोळ्यांवरचं रेशनिंग उठलं, आणि मटणासकट सगळं रेशनिंग संपायला 1954 चा जुलै उजाडला.

पैशांचा हिशेब हा बाजारातला दुसरा धडा. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडात 240 पेन्स. पाढे 12 बारे 144 पर्यंत घोकून घेत ते यासाठीच. लोणी पौंडाला 4 शिलिंग 7 पेन्स, तर 3 पौंडांचे किती? 12 शिलिंग 21 पेन्स, म्हणजे 13 शिलिंग 9 पेन्स. आणि हे दुकानदाराच्या पोरानं तोंडी सांगायचं. आपल्याकडे रुपया-आणे-पैच्या काळात पावकी, निमकी, दिडकी पाठ करवून घेत, त्यामागची गरज हीच होती. भारतात दशमान नाणी 1957 च्या एप्रिलमध्ये आली. इंग्लंडला त्यासाठी 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत थांबावं लागलं.

कालव्याकडे वळलं की बेल व्ह्यू मिलची उंच दगडी इमारत दिसते. इथे शिवणाचा दोरा बनत असे. आता आत घरं आणि कचेऱ्या आहेत. उत्तर इंग्लंडच्या गिरणीगावांत ‘हाफ टाइमर’ मुलं असत: अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत, आणि पाळी ठरावीक काळानं उलटायची. पहाटे उठून गिरणीत गेलेलं पोर दुपारच्या वर्गात बाकावर झोपून जाई. 1918 च्या शिक्षण कायद्यानं ही पद्धत मोडीत काढली. बालपणाबद्दलच्या गोड आठवणी ऐकताना ही इमारत डोळ्यांसमोर ठेवावी.

जेवणाला गरम ‘पोर्क पाय’, म्हणजे डुकराच्या मांसाचं सारण भरून भाजलेली पारी. मांसाहार नसेल तर ‘कर्ड टार्ट’ मागावा: ताजा चोथा, अंडं, बेदाणे आणि जायफळ घालून भाजलेला. दह्याशी त्याचा संबंध नाही. फाडलेल्या दुधाचा, आपल्या पनीरच्या जवळ जाणारा चोथा असतो.

मंगळवार : हॉज

स्किप्टनहून कार्लाइलकडे जाणारी गाडी तासाभरात गार्सडेलला सोडते. डावीकडची खिडकी धरली तर रिबलहेडच्या अलीकडे मोठी वळणं चांगली दिसतात. गार्सडेलहून हॉज सहा मैल. गाडीला जोडून छोटी बस असते, पण सगळ्याच गाड्यांना नाही. बसचं वेळापत्रक आधी बघावं आणि त्यावरून गाडी ठरवावी. उलटं केलं की माळरानावर दोन तास वाऱ्यात काढावे लागतात. फलाटावर एका कुत्र्याचा पुतळा आहे. 1980 च्या दशकात हा मार्ग बंद पडणार होता, तेव्हा विरोधाच्या अर्जावर हजारो सह्यांबरोबर या रस्वार्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. 1989 मध्ये मार्ग वाचला. हॉजकडे जाणारा फाटा मात्र 1959 मध्येच बंद झाला होता.

हॉजचा बाजार मंगळवारचा, सनद 1699 ची. पाऊस बारीक, आडवा, सुईसारखा. छत्री इथे टिकत नाही. टोपीचं जाकीट लागतं. गावाबाहेरच्या लिलावघरात मेंढ्यांचा लिलाव चालू असेल तर आत जाऊन मागच्या पायऱ्यांवर उभं राहता येतं. हात खिशात ठेवावेत. डोकं हलवणं हीसुद्धा बोली असते.

जुन्या रेल्वे स्थानकात डेल्स कंट्रीसाइड म्युझियम आहे. मारी हार्टली आणि जोन इंगिल्बी या दोघींनी आयुष्यभर शेतघरांतून गोळा केलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं. किमान तीन तास द्यावेत. सगळ्यांत जास्त वेळ विणकामाच्या कपाटापुढे काढावा. तिथे वीतभर लांबीच्या कोरीव लाकडी काठ्या ठेवल्या आहेत. ही ‘निटिंग शीथ’. उजव्या कमरेला पट्ट्यात ती खोचायची, तिच्या टोकाच्या भोकात सुईचं मागचं टोक बसवायचं. सुईचं ओझं कमरेनं पेललं की उजवा हात फक्त लोकर टाकायला मोकळा राहतो. म्हणून चालताना, गुरं हाकताना, बाजाराला जातानाही विणणं चालू राही. विणताना अंग वरखाली झुलवायचं, त्याला ‘स्वेव्हिंग’ म्हणत. त्या लयीनं वेग वाढतो. मुलगे-मुली दोघंही अगदी लहानपणी शिकत. मोजे आणि टोप्यांच्या मजुरीवर घरचं पीठमीठ भागे. पुष्कळ काठ्यांवर आद्याक्षरं आणि सालं कोरलेली आहेत. तरुण मुलं त्या आपल्या हातानं कोरून आवडत्या मुलीला देत.

एका स्वयंसेविका आजींनी काठी खोचून दाखवली आणि मोजायलाही सुरुवात केली: यान, टॅन, टेदरा, मेदरा, पिंप... मेंढ्या मोजायचे हे जुने आकडे. खोऱ्याखोऱ्यांत उच्चार बदलतो, पण 10 ला डिक, 15 ला बंफिट आणि 20 ला जिगिट हे बऱ्याच ठिकाणी सापडतं. 16 म्हणजे ‘यान-अ-बंफिट’, पंधरावर एक. 20 झाले की एक खडा खिशात टाकायचा किंवा काठीवर खूण करायची, आणि पुन्हा यानपासून सुरू. वेल्शमध्ये 5 ला पिंप, 10 ला देग, 15 ला पिम्थेग म्हणतात आणि 16 तिथेही ‘पंधरावर एक’च आहे, म्हणजे इंग्रजीपूर्व केल्टिक बोलींशी नातं उघड आहे. हे आकडे इथेच टिकून राहिले की नंतर वेल्सकडून आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुलं मात्र ते टाके मोजायला आणि खेळात राज्य कुणावर हे ठरवायला वापरत राहिली. विटीदांडू खेळताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हटलेल्या कुणालाही यात काही नवल वाटायचं नाही. तेलुगू-कानडीच्या बाजूचे आकडे महाराष्ट्रातल्या पोरांच्या तोंडी असेच राहिले, अर्थ कुणाला ठाऊक नसताना.

शाळेच्या विभागात छोटी दुधाची बाटली दिसली तर थांबावं. एक तृतीयांश पिंट, साधारण 190 मिली. 1946 पासून ती शाळेत प्रत्येक मुलाला फुकट मिळे. हिवाळ्यात दाराबाहेर ठेवलेलं दूध गोठून फुगे आणि साय झाकणासकट वर उचलली जाई. मग बाटल्या शेगडीजवळ ठेवत, आणि कोमट दुधाचा तो वास पुष्कळांना आजही नकोसा वाटतो. 1971 मध्ये सातवर्षांवरच्या मुलांचं हे दूध बंद झालं.

दुपारी वेन्स्लीडेल क्रीमरी. काचेपलीकडे चीज बनताना बघायचं तर दुपार उलटायच्या आत जावं. विरजण आणि रेनेट (दूध धरवणारं द्रव्य) घालून दूध घट्ट झालं की त्याचे तुकडे करतात, निवळी काढून टाकतात, चोथा हातानं फोडून मीठ घालतात, साच्यात भरून दाबतात. निवळी पुरेशी निघाली नाही तर चीज आंबट आणि ओलसर होतं, आतून भेगाळतं. शेतघरांत हे काम आईचं असे, आणि फळीवरची चिजं रोज उलटी करायचं काम मुलांचं. एक दिवस चुकला तर ओल एकाच बाजूला उतरून बूड कुजायचं. इथे चीज फ्रूटकेकबरोबर खातात. खाऊन बघाच, खारट-आंबट आणि गोड यांची जोडी छान जमते.

मुक्कामाच्या घरच्या आजी शेतकऱ्याघरच्या. बोलता बोलता ‘बीस्टिंग्ज’चा विषय निघाला. गाय व्यायल्यावरचं पहिलं घट्ट पिवळसर दूध, साखर आणि जायफळ घालून भट्टीत लावलेलं. म्हणजे खरवसच! इथे अंडं लागत नाही, दूध स्वतःच धरतं. पण पहिल्या धारेचं फार घट्ट असेल तर साधं दूध मिसळावं लागतं, नाहीतर रबरासारखं होतं. हे ऐकून आम्ही ‘वेलची’ म्हटलं, त्यांनी ‘जायफळ’ म्हटलं, आणि दोघांचंही बरोबर होतं. शेजारी ते दूध जगमधून पाठवायचे. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिथे ते न धुता परत करायचं असे. धुतलं तर गाईला बाधतं अशी समजूत होती, आणि ते पाळायला मुलांना बजावून पाठवत.

बुधवार : डेंट

हॉजहून पुन्हा गार्सडेल आणि तिथून एकच स्थानक डेंट. मुख्य मार्गांवरचं हे इंग्लंडमधलं सर्वांत उंच स्थानक, 1,150 फूट. नावाला भुलू नये. डेंट गाव इथून साडेचार मैल दूर आणि सहाशेएक फूट खाली आहे. स्थानकावर टॅक्सी नाही, फोनला रेंजचा भरवसा नाही, बस ठरावीक वारांनाच. उतरताना चालत जाणं उत्तम: सामान हलकं, बूट घट्ट, दोन तास धरावेत. पहिला मैल फार तीव्र उताराचा आहे, गुडघे दुखतात. परतीच्या चढासाठी मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच गाडीचं विचारून ठेवावं.

उतार संपतो तिथे ली येट ही वाडी, आणि पुढे नदीकाठी काउगिलचं छोटं चर्च. या चर्चमुळे डेंटच्या बालपणाची एक अस्सल साक्ष आपल्यापर्यंत पोचली. ॲडम सेजविक 1785 मध्ये डेंटच्या पाद्र्याच्या घरी जन्मले आणि केंब्रिजला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. ‘केंब्रियन’ हे कालखंडाचं नाव त्यांनी दिलेलं; तरुण डार्विनला 1831 मध्ये वेल्समध्ये खडक वाचायला शिकवणारेही तेच. काउगिल चर्चची पायाभरणी 1837 मध्ये त्यांच्याच हातून झाली. पुढे कागदोपत्री चर्चचं नाव चुकीचं लावलं गेलं, तेव्हा 1868 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी निषेधाची पुस्तिका काढली. तक्रार नावाची, पण त्या ओघात डेंटचं आपलं सगळं लहानपण त्यांनी लिहून ठेवलं: रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, त्यांत बसून विणणाऱ्या बायका, संध्याकाळी एकाच घरी जमून पीटच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या) जाळापुढे चालणारं विणकाम. आपापल्या घरी मेणबत्ती जाळण्यापेक्षा एका घरच्या उजेडात सगळ्यांनी बसायचं. मुलंही तिथेच गोष्टी ऐकत टाके घालायची. पुस्तिकेचा परिणामही झाला: 1869 मध्ये संसदेनं कायदा करून काउगिल हे नाव परत दिलं. एका वाडीच्या नावासाठी एवढं भांडणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

डेंट गावात गोट्यांसारखे दगड बसवलेली अरुंद गल्ली, आणि मधोमध शॅप ग्रॅनाइटचा मोठा ओबडधोबड दगड, सेजविक यांचं स्मारक. त्यातून पाणी पडतं. सज्जे गेले. पाऊस पडून गेल्यावर दगड निसरडे होतात. चाकांची बॅग इथे निरुपयोगी.

इथल्या विणणाऱ्यांना ‘टेरिबल निटर्स’ म्हणत. टेरिबल म्हणजे वाईट नव्हे. आपण ‘भयंकर छान’ म्हणतो त्यातलं भयंकर. पण मुलांसाठी ते दोन्ही अर्थांनी खरं असावं. लेक डिस्ट्रिक्टमधल्या लँगडेलहून दोन लहान बहिणींना विणकाम शिकायला डेंटला पाठवलं होतं. दिवसभर विणायचं, परकं घर, परकं जेवण. त्या पळाल्या आणि रस्ता विचारत, पायी, डोंगरांपलीकडे आईकडे पोचल्या. त्यांतल्या एकीनं म्हातारपणी ही हकीकत आपल्या बोलीत सांगितली आणि कवी रॉबर्ट साउदी यांच्या ग्रंथात ती छापली गेली. गावातून डोंगरांच्या दिशेला बघितलं की धुक्यात रस्ता कुठे जातो ते दिसतही नाही.

गुरुवार : रिबलहेड

डेंटहून पुढचं स्थानक, मधे ब्ली मूरचा अडीच किलोमीटरचा बोगदा. चोवीस कमानींचा, 104 फूट उंच रेल्वेपूल फोटोंत सगळ्यांनी पाहिलेला असतो. पुलाखालच्या दलदलीत 1870 नंतर काही वर्षं रेल्वेमार्ग बांधणाऱ्या कामगारांची झोपडवस्ती होती: बॅटी ग्रीन, सेबॅस्टोपोल, जेरिको. बायकामुलंही होती, शाळाही होती. देवीची साथ आली. चालत पाऊणएक तासावर चॅपल-ल-डेलचं चर्च आहे; त्याचं स्मशान वाढवावं लागलं. दोनशेवर माणसं तिथे पुरली, त्यांत पुष्कळ मुलं, आणि बहुतेकांच्या नावाचा दगड नाही. वारा फार असतो. आम्ही जेवण सोबत घेतलं होतं, ते योग्य ठरलं. संध्याकाळी स्किप्टनला परत.

शुक्रवार : ग्रासिंग्टन ते बर्न्सल

स्किप्टनहून बसनं ग्रासिंग्टन, तिथून व्हार्फ नदीच्या काठानं बर्न्सल, तीन-साडेतीन मैल. वाट सपाट आणि सोपी. हेब्डनजवळ 1885 चा झुलता पूल लागतो; तो हलतो, पण भक्कम आहे.

वाटेत एक जण पडलेला गडगा परत रचत होता. चुना-सिमेंट काही नाही. तळाला साधारण 70 सेंटिमीटर रुंद अशा दोन समांतर भिंती, आत कललेल्या, माथ्यावर त्या निम्म्या रुंदीच्या होतात. मधल्या पोकळीत ‘हार्टिंग’, म्हणजे लहान दगडांचं भरण. गुडघ्याच्या जरा वर आडवे लांब दगड दोन्ही भिंती बांधून ठेवतात, आणि वर उभ्या दगडांची टोपी. भरण फावड्यानं ओतलं की ते पुढे खाली बसतं आणि भिंतीला पोट सुटतं. एकेक दगड हातानं अडकवावा लागतो. हे काम लहान हातांचं, म्हणून बाप भिंत रचायचा आणि मुलं भरण भरायची. सांधा दगडाच्या मध्यावर आला पाहिजे; दोन सांधे एकाखाली एक आले की हिमानं फाटलीच. तळाशी सशांसाठी छोटं भोक ठेवतात त्याला ‘स्मूट’ म्हणतात. गडग्यावर चढू नये, वरचा एक दगड हलला की बाकीचे सैल होतात.

बर्न्सलच्या शाळेची स्थापना 1602 ची आणि त्या इमारतीत आजही प्राथमिक शाळा भरते. शेजारच्या ॲपलट्रीविकचा (गावकरी ‘ॲपट्रिक’ म्हणतात) विल्यम क्रेव्हन नावाचा मुलगा लंडनला शिंप्यांच्या व्यापारात उमेदवारीला गेला, 1610 मध्ये तिथला लॉर्ड मेयर, म्हणजे नगरप्रमुख झाला, आणि गावाकडे त्यानं शाळा बांधली, चर्च दुरुस्त केलं. सक्तीचं शिक्षण 1880 चं, फुकट शिक्षण 1891 चं. त्याआधी अशा दानांवरच खेड्यांतलं शिकणं उभं होतं. कायदा आल्यावरही जुलैत गवताच्या कापणीला वर्ग ओस पडत. शाळा चालू असताना रस्त्यावरूनच बघावं, मुलांचे फोटो काढू नयेत.

नदीकाठच्या हिरवळीवर एका झाडाखाली तपकिरी, चकचकीत कॉंकर पडले होते, हॉर्स चेस्टनटची फळं. खेळायला सपाट बाजूचं नको, गोल आणि जड निवडावं. पाण्यात तरंगलं तर आतून पोकळ, टाकून द्यावं. सळईनं मधोमध आरपार भोक, बुटाची नाडी ओवून खाली गाठ. भोक पाडताना फळ हातात धरू नये, सळई तळव्यात घुसते. एकानं लोंबतं धरायचं, दुसऱ्यानं मारायचं. फुटेपर्यंत चालू. जिंकलेल्याला एक गुण, वर हरलेल्या कॉंकरचे आधीचे सगळे गुण. भट्टीत भाजणं, व्हिनेगरमध्ये मुरवणं, वर्षभर जुनं ठेवणं हे सगळे घट्ट करायचे उपाय, आणि ते चालतात की नाही यावर सत्तर वर्षांची माणसंही अजून वाद घालतात.

साडेतीनला शाळा सुटली. दोन मुलगे झाडाखाली आले. एकानं खिशातून सुरकुतलेलं, काळपट कॉंकर काढलं आणि दुसऱ्याला सांगितलं की हे अकराचं आहे. परतीची बस पुलापाशी येऊन थांबली तोवर ते बाराचं झालं होतं.